एकतीस दात

आवकजावक बाईंच्या तोंडात वयाच्या बाहत्तराव्या वर्षी एकतीस दात होते आणि सगळे स्वतःचे होते. बत्तिसावी एक अक्कलदाढ, ती नोकरीत असतानाच काढावी लागली. पण तिच्यावाचून कचेरीत त्यांचं कधी काही अडलं नाही. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर आणि ज्याचा एखादा रकाना रिकामा असेल त्या कागदाला परतीची वाट. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना याच नावानं ओळखत. सून तेवढी आई म्हणे.

तर अशा बाईंना सरकारनं एका मंगळवारी दुपारी, त्यांच्याच घराच्या दारात, बोळक्या ठरवलं.

झालं असं, की आरोग्य खात्यानं दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ज्येष्ठांसाठी भोजनकेंद्र काढलं. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी दुपारी तिथं यावं, चार माणसांत बसून जेवावं, हाडामांसाला लागेल असं काही पोटात जावं, म्हणजे म्हातारी माणसं घरात एकेकटी वाळत जाणार नाहीत, अशी कल्पना. बाई सरकारी योजनेला सहसा चांगलं म्हणत नसत, कारण योजना आतून कशी दिसते हे त्यांनी पाहिलं होतं. पण ही त्यांना पटली. मुलगा आणि सून सकाळी कामाला जात. मुलगा बँकेत, सून औषधांच्या दुकानात. मग बाई दुपारी ओट्याशी उभ्या राहून, पातेल्यातून थेट, चार घास खाऊन मोकळ्या होत. एकट्यासाठी ताट काय घ्यायचं, म्हणून. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सर्वेक्षणाला आलेली मुलगी घाईत होती. तिला अजून तीस दारं करायची होती.

"साखर?"

"नाही."

"बीपी?"

"आहे. गोळी चालू आहे."

"गुडघे?"

"आहेत. दोन."

मुलीनं मान वर केली नाही. "दातांची काही तक्रार?"

"नाही."

मुलीच्या हातातल्या टॅबवर त्या प्रश्नापुढे नुसतं 'दात' एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली दोन चौकोन होते, 'आहे' आणि 'नाही'. तिनं 'नाही'वर बोट टेकवलं, बाईंची सही घेतली आणि ती शेजारच्या दाराकडे वळली. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे रकाने तपासणाऱ्या बाईंनी स्वतःचा रकाना न तपासता सही केली. पुढे जे झालं त्यात हे शल्य त्यांना सगळ्यांत जास्त बोचलं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. पिवळं होतं. बाई नीटनेटकी साडी नेसून केंद्रात गेल्या. दारातच ड्रायव्हरकाका भेटले. हे त्यांच्याच बिल्डिंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, त्यामुळे अजूनही बोलताना एक डोळा आरशाकडे असल्यासारखे तिरके पाहत. त्यांचं कार्ड हिरवं होतं. खोलीत दोन लांब टेबलं होती. हिरव्या टेबलावर ताटात भात, घट्ट डाळ, उकडलेलं अंडं, पालेभाजी आणि काकडी-गाजराच्या जाड चकत्या होत्या. पिवळ्या टेबलावर वाट्या होत्या. तीन वाट्या, तीन रंग. पांढरा, पिवळा आणि एक असा, की ज्याला रंग म्हणणं धाडसाचं होतं.

"हे काय आहे?" बाईंनी वाढणाऱ्या मावशींना विचारलं.

"तेच आहे, त्यांच्या ताटातलंच. फक्त मिक्सरमधून काढलंय. पिवळं कार्ड म्हणजे मऊ आहार."

"का?"

"तुम्हाला दात नाहीत ना," मावशी मायेनं म्हणाल्या आणि त्यांनी बाईंच्या हातात चमचा दिला.

बाईंनी आयुष्यात अनेक अपमान गिळले होते, पण ते निदान चावून गिळले होते. त्या उठल्या आणि कोपऱ्यात कार्डांच्या टेबलाशी बसलेल्या कारकुनापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझे दात आहेत."

कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "इथं नाही म्हणतंय."

"इथं बघा," म्हणून बाईंनी आ केला.

कारकुनानं शिष्टाचार म्हणून पाहिलं. "आहेत," तो म्हणाला. "चांगले आहेत. माझेही इतके नाहीत. पण मला दाखवून काय उपयोग, काकू? यात 'आहे'चं 'नाही' करता येतं. 'नाही'चं 'आहे' करता येत नाही. या वयात दात जातात, येत नाहीत. त्यामुळे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी तशी सोयच ठेवलेली नाही."

बाईंना मनातून हा युक्तिवाद बिनतोड वाटला आणि म्हणूनच त्यांचं डोकं आणखी तापलं.

"मग काय करायचं?"

"कवळी बसवली तर कार्ड हिरवं होतं. दंतवैद्यांचा फॉर्म आणा."

बातमी जिन्यानं वर गेली आणि सल्ले जिन्यानं खाली आले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, की आवाज चढवल्याशिवाय काही होत नाही. त्यांनी स्वतः पाण्याच्या मीटरसाठी चढवला होता, मीटर अजून आलेला नाही, पण आवाज सगळ्यांनी ऐकला. तळमजल्यावरच्या प्राध्यापिकाबाईंनी तोंडाचा एक्स-रे काढून अर्जाला जोडायला सांगितलं. योगवाले गृहस्थ म्हणाले, की बाई, चावणं हीच मुळात हिंसा आहे. त्यांच्याशी बाई पुढे आठवडाभर बोलल्या नाहीत. सून रात्री भांडी लावता लावता म्हणाली, "आई, कशाला जाता तिथे? मी सकाळी डबा करून ठेवत जाईन."

"प्रश्न डब्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"नोंदीचा आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या नावापुढे खोटं लिहिलंय."

दवाखान्यातले दंतवैद्य तरुण होते आणि त्यांच्या खोलीबाहेर रांग होती. त्यांनी बाईंच्या तोंडात दिवा धरला, मोजले, परत मोजले. "एकतीस," ते आदरानं म्हणाले. मग त्यांनी फॉर्म पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. फॉर्म कवळीचा होता. 'शिल्लक दात' या रकान्यात तीनच चौकोन होते: शून्य, एक ते चार, पाच ते आठ. त्यापुढे मोजण्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

"काकू, या फॉर्मसाठी दात नसावे लागतात."

"तेवढी एक अट सोडून बाकी सगळ्या मी पुऱ्या करते."

"तुमचे काढायला माझा हात धजणार नाही," दंतवैद्य म्हणाले. मग बराच विचार करून त्यांनी समासात लिहिलं, '३१ नैसर्गिक, उत्तम', सही केली, शिक्का मारला. बाईंनी तो कागद कारकुनाकडे दिला, पोच घेतली आणि त्या वाट पाहू लागल्या. वाट पाहायला लावण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता, पाहण्याचा नव्हता.

या मधल्या काळात त्या रोज केंद्रात जात राहिल्या. जायचं सोडलं तर आपण हार मानली असा त्याचा अर्थ होईल, असं त्यांचं म्हणणं. पिवळ्या टेबलावर अकरा माणसं बसत. तिथली शांतता बाईंना पहिल्या दिवसापासून खटकली. हिरव्या टेबलावर माणसं बोलत, वाद घालत, मीठ मागत. पिवळ्या टेबलावर चमचे वाजत आणि सात मिनिटांत सगळं उरकून माणसं समोरच्या भिंतीकडे पाहत बसत. जे चावायचं नाही त्यात रेंगाळायचं तरी कशाला.

बाईंच्या डाव्या हाताला एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ बसत. सडपातळ, नीटस, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांच्या पट्ट्याला दाभणानं पाडलेली दोन नवी भोकं होती. बाईंनी दोन आठवड्यांनी विचारलं.

"तुम्हाला दात नाहीत?"

"आहेत की. वीसेक आहेत."

"मग इथं कसे?"

"ती मुलगी आली होती. काही तक्रार आहे का म्हणाली. मी कशाला तक्रार करू?" त्यांनी अर्धी वाटी पुढे सरकवली. "चालतंय. हल्ली मला भूकही लागत नाही फारशी."

बाईंनी त्या वाटीकडे पाहिलं आणि पट्ट्याकडे पाहिलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की ही गोष्ट आपल्या नोंदीपुरती राहिलेली नाही.

ड्रायव्हरकाकांची कथा बरोबर उलटी होती. त्यांना वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या होत्या. त्यांनी मुलीला सांगितलं होतं, "तक्रार आहे तर. टोचतात." मुलीनं 'आहे'वर बोट टेकवलं. त्यामुळे आता काका रोज हिरव्या टेबलावर बसून गाजराच्या चकत्या रुमालात बांधून घरी नेत आणि त्यांच्या बायकोला त्या रुमालाचं करायचं काय हे कळत नसे.

"बाई," एक दिवस ते म्हणाले, "आपण ताटं बदलू या का?"

बाईंच्या नीतीत हे बसत नव्हतं. पण त्या दिवशी पांढऱ्या वाटीत अंडं भाताबरोबरच वाटून आलं होतं. त्यांनी ताट घेतलं. ड्रायव्हरकाका वाटीत चमचा घालून सुखानं डोळे मिटून बसले आणि बाईंनी तब्बल तीन आठवड्यांनी गाजराची चकती दाढेखाली घेतली.

आवाज झाला. पिवळ्या टेबलावर इतकी शांतता असे, की तो आवाज लागूनच दवाखान्यात बसणाऱ्या केंद्राच्या आहारतज्ज्ञ मुलीच्या खोलीपर्यंत गेला. ती बाहेर आली. पंचविशीची, पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. बाईंच्या तोंडाकडे पाहून तिचा चेहराच पांढरा झाला.

"आजी, ते बाहेर काढा. घशात अडकेल."

बाईंनी शांतपणे चावून, गिळून, पाणी पिऊन मग उत्तर दिलं. "बाहत्तर वर्षांत अडकलं नाही."

"पण तुमच्या नोंदीत..."

"नोंदीत मी नाहीच आहे. मी इथं आहे."

मुलगी वाईट नव्हती. तिला खरोखरच भीती वाटली होती. तिनं नियमाप्रमाणे लिहून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या पिवळ्या कार्डावर एक लाल शिक्का आला: 'देखरेखीखाली'. म्हणजे बाई जेवत असताना मावशींनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं. शिवाय गळ्याशी बांधायला एक कापड. मावशी ते बांधायला मागून आल्या तेव्हा बाईंनी अशा नजरेनं पाहिलं, की मावशींनी ते कापड स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि त्या स्वयंपाकघरात काही राहिलंय म्हणून निघून गेल्या. ड्रायव्हरकाकांना तोंडी समज मिळाली. त्यांनी ती, त्यांच्या सवयीप्रमाणे, मागून येणाऱ्या गाडीला वाट द्यावी तशी बाजूला होऊन जाऊ दिली.

त्या रात्री बाईंनी सुनेकडून फूटपट्टी मागून घेतली आणि टेबलाशी बसून कागदावर रेघा मारल्या. सात रकाने. दुसऱ्या दिवसापासून पिवळ्या टेबलाची तपासणी सुरू झाली. एकेकाला आ करायला लावून बाई मोजत. सुरुवातीला माणसं लाजली. मग चढाओढ लागली. एका निवृत्त परिचारिकेचे सव्वीस निघाले, तर समोरचे चाळीस वर्षं टपाल वाटलेले आजोबा म्हणाले, की माझे परत मोजा, मागच्या बाजूला एक राहिलाय. टेबलावर बोलणं सुरू झालं. आठवड्याअखेर एक रकाना सोडून कागद पुरा झाला. अकरापैकी सातजणांना चावता येत होतं. खरोखर मऊ अन्नाची गरज चौघांना होती, आणि त्या चौघांचं म्हणणं होतं, की मऊ म्हणजे सगळं एकत्र वाटायला नको. अंडं मऊच असतं, केळं मऊच असतं.

शेवटच्या रकान्यासाठी वजनं हवी होती. ती आहारतज्ज्ञ मुलीकडे होती. बाई तिच्या खोलीत गेल्या आणि कागद तिच्यापुढे ठेवला. मुलगी बराच वेळ वाचत राहिली.

"मलाही दिसलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पिवळ्या टेबलाची वजनं उतरतायत. घड्याळवाल्या काकांचं चार किलो गेलंय. मी वर दोनदा लिहिलं. उत्तर नाही आलं."

"नंबर घातला होतास?"

"कसला नंबर?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढली आणि त्या पोरीला पत्र कसं लिहायचं ते शिकवलं. विषय कुठे, संदर्भ कुठे, प्रत कुणाकुणाला. मुलीनं वजनं स्वतःच्या हातानं शेवटच्या रकान्यात भरली. खाली तिनंही सही केली, हे बाईंना विशेष वाटलं. नवी नोकरी होती तिची.

पत्र गेलं आणि दहा दिवसांनी खात्याचे मोठे अधिकारी पाहणीला आले. बरोबर चार माणसं, एक छायाचित्रकार. हिरव्या टेबलापाशी छायाचित्रं झाली. मग साहेब पिवळ्या टेबलाशी आले आणि वाकून बाईंना म्हणाले, "काय आजी, काही तक्रार?"

"माझं राहू द्या. तुमच्या दातांची काही तक्रार?"

"नाही," साहेब हसून म्हणाले.

"मग बसा." बाईंनी शेजारची खुर्ची ओढली. ती मावशींची देखरेखीची खुर्ची होती. "मावशी, साहेबांना दात नाहीत. वाढा."

मावशींनी आयुष्यभर सांगितलेलं ऐकलं होतं. त्यांनी तीन वाट्या ठेवल्या. साहेब खळखळून हसले, बरोबरचे चारही हसले, छायाचित्रकारानं कॅमेरा वर केला. साहेबांनी कॅमेऱ्यासाठी एक चमचा तोंडात घातला. दुसरा घालायला गेले आणि तो मध्येच थांबला.

"हे काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंडं असावं," घड्याळवाले म्हणाले. "काल हाच रंग होता."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. बाईंनी कागद पुढे केला, सोबत तीन प्रती. साहेबांनी तो उभ्यानं वाचायला घेतला आणि मग नीट बसून वाचला. आहारतज्ज्ञ मुलगी दाराशी उभी होती; तिला बोलावून त्यांनी वजनाचं विचारलं, आणि तिनं न अडखळता सांगितलं.

"फेरसर्वेक्षण करावं लागेल," साहेब म्हणाले. "यथावकाश करू."

"यथावकाश म्हणजे किती ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तो शब्द मी चौतीस वर्षं वापरलाय. तोपर्यंत घड्याळवाल्यांच्या पट्ट्याला भोक पाडायला जागा उरणार नाही."

 साहेबांच्या हाताखालच्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं. बाईंना कळलं, की आता आश्वासन मिळणार, आणि आश्वासन मिळालं की ते फाइलला लागणार. त्या उठल्या. रिकामं ताट उचललं आणि सरळ हिरव्या टेबलाशी जाऊन ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसल्या.

"काकू, तुमचं कार्ड..." कारकून उठला.

"कार्ड तिथंच ठेवलंय टेबलावर. त्याला भरवा."

परिचारिका उठल्या. टपालवाले उठले. खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले. उलट्या बाजूनं ड्रायव्हरकाका आपलं ताट सोडून पिवळ्या टेबलाकडे निघाले, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आधी जाऊ दिलं. घड्याळवाले सगळ्यांत शेवटी उठले. ते उठतील की नाही याची बाईंना खात्री नव्हती. ते आले, बसले, ताटातलं अंडं त्यांनी चमच्यानं दोन भाग करून खाल्लं. मग काकडीची एक चकती उचलली आणि फार वेळ चावत राहिले, डोळे ताटाकडे ठेवून.

"जबडा दुखतोय," ते म्हणाले.

"दुखणारच. सवय गेलीय."

त्यांनी दुसरी चकती उचलली.

 जाताना साहेबांनी मावशींना एवढंच सांगितलं, की ज्यांना जे खाता येतं ते वाढा, कागदाचं मी पाहतो. मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा नियम न विचारता डाळ वाढली. आहारतज्ज्ञ मुलगी त्या चौघांपाशी जाऊन बसली आणि कुणाला काय मऊ चालेल ते एकेकाला विचारून लिहू लागली.

कागदाचं मात्र कुणी पाहिलं नाही. फेरसर्वेक्षण यथावकाशच राहिलं. बाई सरकारदरबारी अजून बोळक्याच होत्या आणि रोज दुपारी गाजर खात होत्या.

दोन महिन्यांनी त्यांच्या नावानं एक लिफाफा आला. सुनेनं फोडून वाचला आणि ती बराच वेळ पदर तोंडाशी धरून बसली. खात्याला दंतवैद्यांचा फॉर्म मिळाला होता. समासातला मजकूर कुणी वाचला नव्हता, शिक्का पाहिला होता. त्यावर विचार होऊन आवकजावक बाईंना वरची व खालची अशी पूर्ण कवळी मंजूर झाली होती. माप देण्यासाठी त्यांनी सोमवारी दहा वाजता हजर राहावं.

"जाऊ नका, आई," सून म्हणाली. "फाडून टाकू."

"कागद फाडायचा नसतो," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि त्याच पत्रावर, आडवं, स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'परत. अर्जदारास एकतीस दात आहेत. खात्री करावयाची असल्यास कार्यालयीन वेळेत समक्ष चावून दाखवण्यात येईल.'

सोमवारी दहा वाजता त्यांनी ते स्वतः केंद्रात नेऊन दिलं. कारकुनानं वाचलं, शिक्का मारला, पोच फाडून दिली. आणि मग त्यानं आपली खुर्ची जरा मागे सरकवली.